बोटभर लोखंड

जाहिरातीत गाडीचे शंभराच्या वर फोटो आहेत. १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४, क्रॅनबेरी रेड रंग, बोनेट आणि डिकीवर रुंद काळे पट्टे, आत काळी बकेट सीट. अ‍ॅश-ट्रेचा फोटो आहे. डिकीतल्या जॅकचा आहे, जॅक कसा लावायचा ते सांगणाऱ्या स्टिकरचाही आहे. लिफ्टवर चढवून खालून काढलेले फोटो तर असे, की चासीवर पान मांडून जेवावं. मजकुरात म्हटलंय: बॉडी चासीवरून उतरवून, नटबोल्ट सुटा करून केलेलं रिस्टोरेशन, ‘करेक्ट’ एलएस ६ इंजिन, चार गिअरचा मन्सी कारखान्याचा गिअरबॉक्स. इतकं सगळं दाखवलंय; पण इंजिनच्या पुढच्या अंगाला, उजव्या हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, पायथ्याशी जी बोटभर लांबीची सपाट पट्टी असते, तिचा एकही फोटो नाही. ज्याला अ‍ॅश-ट्रे सुचली त्याला पट्टी सुचली नसेल?

हे डोक्यातून जात नाही, कारण या गाडीचा निम्मा भाव त्या पट्टीवरच्या आकड्यांवर उभा आहे.

१९७० च्या आधी जनरल मोटर्सचा स्वतःचाच दंडक होता की मधल्या आकाराच्या गाडीत ४०० घन इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. त्या सालच्या मॉडेलपासून तो उठला आणि शेव्हेलमध्ये ४५४ घन इंचांचं, म्हणजे ७.४ लिटरचं इंजिन बसलं. त्यातलं एलएस ५ कागदोपत्री ३६० अश्वशक्तीचं, एलएस ६ तब्बल ४५० चं. पुढच्याच वर्षी कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन खाली आलं, आणि शेव्हेलमधली एलएस ६ एका सालात आटोपली. अशी ४,४७५ इंजिनं बनली, असा आकडा सगळीकडे दिला जातो. आपल्याकडे शिवडीच्या कारखान्यात जनरल मोटर्सने १९२८ पासून शेव्हरोले जोडल्या आणि १९५४ साली गाशा गुंडाळला, त्यामुळे मुंबईच्या जुन्या फोटोंतली शेव्हरोले ओळखीची वाटते. हा पुढचा काळ मात्र आपल्या रस्त्यांवरून गेलाच नाही. मिशिगनमधल्या मराठी मंडळींना तो ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, ड्रीम क्रूझ नावाच्या जुन्या गाड्यांच्या जत्रेत, धुराच्या वासासकट भेटतो. आणि मग एखाद्याच्या मनात येतं, की गॅरेजमध्ये जागा आहे, मुलांची कॉलेजं उरकलीत, एक घेऊन टाकावी.

घ्यायला गेलं की पहिली मेख लक्षात येते: चासी नंबरवरून ही गाडी ओळखताच येत नाही. विंडशील्डमागे, डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातला नंबर १३६३७ ने सुरू होतो. १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही-८ मालिबू, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप. पुढचं शून्य १९७० चं, मग कारखान्याचं अक्षर, मग सहा आकडे. शेजारच्या आजीबाईंनी किराणा आणायला घेतलेल्या ३०७ घन इंची मालिबूचा नंबरही १३६३७ नेच सुरू होतो. १९६६ ते ६८ पर्यंत एसएस ३९६ ला १३८ असा वेगळा आकडा होता. १९६९ पासून एसएस हे नुसतं ऑप्शनचं पॅकेज झालं आणि ती खूण गेली. क्रायस्लरवाले या बाबतीत नशीबवान. १९७० च्या बाराकुडाच्या नंबरात पाचवं अक्षर आर असलं की हेमी, त्यांचं सगळ्यात दांडगं इंजिन; तिथे वाद संपला. पाँटियाकवाल्यांना जुन्या बिलांच्या नोंदी मिळतात, कॅनडात विकल्या गेलेल्या गाडीसाठी जनरल मोटर्स कॅनडाकडून कागद मिळतो. अमेरिकेत बनलेल्या आणि तिथेच विकलेल्या शेव्हेलसाठी अशी वही उरलेली नाही. कंपनीने आपली दप्तरं जपली असती तर त्या पट्टीकडे आज कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

तर ती पट्टी. ब्लॉकचा, म्हणजे इंजिनच्या ओतीव धडाचा, वरचा पृष्ठभाग हेडच्या पुढे थोडा बाहेर डोकावतो, तोच हा भाग. त्यावर दोन छाप असतात. पहिला इंजिनच्या कारखान्याचा: समजा टी०११५सीआरव्ही. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलं टोनावांडा, ०११५ म्हणजे १५ जानेवारी, आणि सीआरव्ही म्हणजे चार गिअरसाठी बनवलेलं एलएस ६. ऑटोमॅटिकसाठी सीआरआर. दुसरा छाप गाडी जिथे जोडली तिथला: १, ०, कारखान्याचं अक्षर आणि चासी नंबरातले शेवटचे सहा आकडे. हे दोन छाप वेगळ्या गावांत, वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसांनी मारलेले असतात. म्हणून त्यांची अक्षरं, खोली, ओळीचा कल यांत फरक असायलाच हवा. दोन्ही एकाच हातचे, एकसारखे सुबक दिसले तर तिथेच थांबावं. शिवाय पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा असतात, कारखान्यात ब्लॉक ब्रोच केल्याच्या, म्हणजे दातेरी हत्याराने तासल्याच्या. टॉर्च अगदी आडवी धरली की त्या उजळतात. रेघा गुळगुळीत झाल्यात, गोल फिरल्यात किंवा आकड्यांच्या कडेपाशी अचानक थांबल्यात, तर कुणीतरी जुने आकडे घासून नवे मारलेत. ही करामत करणारे लोक आता रेघाही पाडतात. म्हणून नुसत्या डोळ्यांवर न विसंबता ब्लॉकवर ओतीव उमटलेली तारीख पाहायची. तिथे ए ५ ० असं असलं तर ५ जानेवारी १९७०. ओतकाम आधी, जोडणी नंतर, आणि गाडी त्याहून नंतर. मधे काही दिवस ते काही आठवडे. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या, टॅगवर ०१सी, म्हणजे जानेवारीचा तिसरा आठवडा, आणि इंजिनवर फेब्रुवारी असं असेल तर गाडीने आपल्याच इंजिनाची वाट पाहत रस्त्यावर इतके दिवस कसे काढले ते विक्रेत्याला विचारावं.

ओतीव नंबराचा मात्र फार भरवसा धरू नये. ३९६३५१२ हा नंबर दाखवून ‘बघा, एलएस ६ चा ब्लॉक’ असं सांगणारे भेटतात. तोच ब्लॉक एलएस ५ लाही लागला आहे. हेडवरचा नंबर जास्त बोलका: ३९६४२९१ म्हणजे चौकोनी पोर्टचं, एलएस ६ चं, शेवटी २९० असेल तर लंबगोल पोर्टचं, एलएस ५ चं. पण हेड चार बोल्ट सोडून बदलता येतं. (चार नाहीत, बरेच असतात, पण अर्थ तोच.)

आणि यातली सगळ्यात वाईट बाजू अशी, की खरी गाडीही ही परीक्षा नापास होऊ शकते. १९८० च्या सुमारास ही फक्त जुनी, पेट्रोल पिणारी गाडी होती. हेड गॅस्केट गेलं, मालकाने इंजिन मशीन शॉपला दिलं, कारागिराने ब्लॉकला फेस मारला, म्हणजे वरचा पृष्ठभाग तासून सपाट केला, आणि दोन्ही छाप भुश्यात गेले. त्याने आपलं काम चोखच केलं होतं. आज त्या गाडीच्या मालकाकडे खरं एलएस ६ आहे आणि ते सिद्ध करायला काहीही नाही. अशांपैकी काहींनी मग ‘होतं तेच परत मारलं’ असं स्वतःला समजावत आकडे पुन्हा कोरून घेतलेत. त्यांना खोटारडे म्हणताना जीभ जरा अडखळते. तरी पैसे देणाऱ्याने ते खोटंच धरायला हवं, कारण प्रामाणिक माणूस आणि लबाड यांच्या पट्ट्या एकसारख्याच दिसतात.

पट्टीनंतर मान कागदाला. कारखान्यात गाडी जोडताना कुठला भाग लावायचा ते सांगणारा बिल्ड शीट नावाचा कागद लाइनवर फिरायचा, आणि काम झालं की कामगार तो कुठेतरी खुपसून टाकायचे. पेट्रोलच्या टाकीवर, मागच्या सीटच्या स्प्रिंगांत. टाकी उतरवली की गंजाने तपकिरी झालेला, उंदराने कुरतडलेला तुकडा निघतो आणि गाडीची किंमत तिथल्या तिथे बदलते. कधी निघतो तो शेजारच्या गाडीचा असतो. पाळी संपत आली असताना कुणाचा कागद कुठे गेला याची फिकीर कुणाला? नकली कागदही बाजारात आहेत, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेले. त्या काळचा प्रिंटर अक्षर कागदावर आपटून उमटवायचा, म्हणून खऱ्या कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर अक्षरांचा उठाव लागतो. इंकजेटचा कागद सपाट असतो. वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली छोटी धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिच्यावर चासी नंबर, इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल यांचे कोड एकत्र उमटलेले असतात. अर्थात तीही आता नव्याने बनवून मिळते.

हे सगळं जुळलं तरी पत्रा उरतोच. शेव्हेल कुजते कुठे हे ठरलेलं आहे. मागच्या काचेखाली क्रोमची पट्टी क्लिपांवर बसवलेली असते, तिच्या मागे पाणी साचतं, खालची पन्हाळ आतून सडते आणि पाणी थेट डिकीत उतरतं. टपावर व्हिनाइल असेल तर दुप्पट वेगाने. म्हणून डिकीत डोकं घालून, टॉर्च वर मारून, काचेखालचा पत्रा आतल्या बाजूने पाहायचा; बाहेरून तो नेहमी सुंदरच असतो. मग डिकीच्या दोन्ही कडेचे खोलगट कप्पे, मागच्या चाकामागचा मडगार्डचा खालचा भाग, पुढच्या काचेचे खालचे कोपरे, पायाखालचा फ्लोअर, बॉडी माउंटच्या भोवतालचा भाग, आणि चासीचा तो बाक जो मागच्या एक्सलवरून उडी मारून जातो. चासीवर छोट्या हातोडीने ठोकत जावं. धड लोखंड खणखणतं, कुजलेलं भद्द बोलतं. नव्याने फासलेला जाड काळा अंडरकोट दिसला की विक्रेता काय झाकतोय हा प्रश्न आधी, कौतुक नंतर. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता स्वस्तात मिळतं. कारखान्याचा लॅकर शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या घरात असायचा. नीट सोलून दिलेला नवा रंग दोनशे-अडीचशे, फार तर तीनशे. पाचशेच्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी, आणि हजाराच्या पुढे गेला की तो भाग पत्र्याचा कमी आणि पुट्टीचा जास्त. पुट्टी वाईटच असं नाही. पातळ हात प्रत्येक कारागीर मारतो. पण पत्रा कापून नवा जोडायचा कंटाळा म्हणून भोकावर जाळी ठेवून भरलेली पुट्टी दोन-तीन पावसाळ्यांत खालून फुगते आणि रंगाला फोड येतात. डिकीचं रबर उचलून कडेचे टाकेही पाहावेत. कारखान्याच्या स्पॉट वेल्डिंगचे टाके गोल, किंचित दबलेले, थोडे वेडेवाकडे असतात. तिथे सगळं घासून सपाट केलेलं असेल तर पत्रा बदललाय. बदलला म्हणून गाडी टाकाऊ ठरत नाही, पण बिलात तो दिसायला हवा.

इथे एक विचित्र गोष्ट जाणवते. १९७० ची शेव्हेल कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा इतकी चांगली कधीच नव्हती. रंगाला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे होते, दाराच्या फटी एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होत्या. इंजिनावर नारिंगी रंग फवारताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही शिंतोडे जायचे आणि पहिल्याच फेरीत जळून त्यांचा वास सुटायचा. आज रिस्टोरर दाराच्या कडेला वेल्डिंगचा थर चढवून, कानस लावून फट वरपासून खालपर्यंत एकसारखी करतात, आणि आरशासारखा क्लिअर कोट चढवतात. मग स्पर्धेतले जाणकार परीक्षक गुण कापतात, की अशी ही कधी नव्हतीच. त्यावर उपाय म्हणून दुसरं टोक गाठलं जातं: तपासनिसाच्या खडूच्या खुणा, एक्सलवर रंगाचा फराटा, फायरवॉलवर निष्काळजीपणे उडालेला फवारा, हे सगळं जुन्या फोटोंवरून मोजून परत काढलं जातं. ज्या माणसाने घाईत तो फवारा उडवला त्याला कुणी सांगितलं असतं, की पन्नास वर्षांनी एकजण मास्किंग टेप लावून तुझा गचाळपणा नक्कल करेल, तर तो हसून हसून बेजार झाला असता. मला यात गंमतही वाटते आणि थोडा वैतागही येतो. रिस्टोरेशन जितकं सफाईदार, तितका पुरावा कमी उरतो. मळकट, एकदाच रंगवलेल्या गाडीत टाके, ठिगळं, तेलाचे ओघळ सगळं खरं बोलत असतं.

नक्कल गाडीबद्दल मात्र माझं मत बाजाराहून मवाळ आहे. साध्या मालिबूत ४५४ बसवलं, १२ बोल्टचं एक्सल, डिस्क ब्रेक आणि वळणावर गाडी कलू न देणारा मागचा स्वे बार घातला, शेव्हरोलेच्याच मॉन्टे कार्लोतून गोल मीटरचा डॅशबोर्ड आणला, आणि ‘ही नक्कल आहे’ असं तोंडावर सांगून विकली तर त्यात गैर काय? अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पाठ सीटला तशीच चिकटते. खऱ्या, कागद असलेल्या एलएस ६ ला सहा आकडी डॉलर सहज पडतात, अशा नकलेला त्याच्या निम्म्याहून कमी. चालवायचीच असेल तर नक्कल घ्यावी, आणि पावसाची काळजी न करता चालवावी. फसवणूक होते ती नकलेला खऱ्याचा भाव लावल्यावर, आणि ‘करेक्ट’ हा शब्द तिथेच कामाला येतो. करेक्ट म्हणजे त्या प्रकारचं, त्या काळातलं इंजिन. याच गाडीतून निघालेलं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं, आणि वकिलासमोर विक्रेता हेच सांगेल.

आता इंजिन सुरू करू. विक्रेत्याला आधी निक्षून सांगायचं की मी येईपर्यंत गाडी लावू नका, आणि पोचल्यावर पहिला हात एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर. गरम लागला तर थंड इंजिनाचे रोग आपल्याला दाखवायचे नाहीत एवढं कळतं. पहिल्या स्टार्टला निळ्या धुराची पिचकारी आली आणि थांबली तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड; जोर दिल्यावर निळा धूर येतच राहिला तर रिंगा. पांढरा, गोडसर वासाचा धूर हटत नसेल तर कूलंट आत जातंय. एलएस ६ ला सॉलिड लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे भरीव तुकडे, आहेत, त्यामुळे टॅपेटचा टकटक आवाज यायलाच हवा. इंजिन गरम असताना व्हॉल्व्हची फट इनटेकला ०.०२४ इंच आणि एक्झॉस्टला ०.०२८ इंच ठेवतात, ती वाजणारच. शिवणाच्या मशीनइतकंही न वाजणारं ‘एलएस ६’ असेल तर आत हायड्रॉलिक कॅम गेलाय, ज्याचे लिफ्टर तेलाच्या दाबाने फट आपोआप भरतात. तसंच एम २२ या मन्सी गिअरबॉक्सचं: त्याच्या दात्यांचा तिरकसपणा कमी असल्याने तो पहिल्या तीन गिअरमध्ये कण्हतो. गप्प एम २२ संशयास्पद. तेलाचा दाब गरम इंजिनावर दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय, हा जुना हिशोब अजून चालतो. मूळ कॉम्प्रेशन ११.२५ होतं, आणि पंपावरच्या ९१-९३ ऑक्टेनवर ते चढावर नॉकिंग करतं. म्हणून बहुतेकजण पिस्टन बदलून ते दहाच्या आसपास आणतात. तसं केलंय का, एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट घातलीत का, रबरी पाइप इथेनॉल सोसणारे आहेत का, हे बिलांतून काढून घ्यावं. टायर जुन्या धाटणीचे एफ७०-१४ असतील तर फोटोत झकास दिसतात आणि रस्त्यावरच्या खाचांमागे भटकतात. त्यांचं वय बाजूच्या तारखेच्या कोडवर पाहायचं, नक्षीच्या खोलीवर नाही.

रिस्टोरेशननंतर जेमतेम शे-पन्नास मैल चाललेली गाडी जाहिरातीत सगळ्यात वर असते, आणि माझ्या मते सगळ्यात जोखमीची तीच. फ्लॅट टॅपेट कॅमला, म्हणजे सपाट तळाचे लिफ्टर ज्यावर घासत व्हॉल्व्ह उघडतात त्या दांड्याला, पहिल्या अर्ध्या तासात जपावं लागतं. नवा कॅम आणि नवे लिफ्टर एकमेकांना घासून बसतात तोवर इंजिन दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर वीस-तीस मिनिटं सलग ठेवायचं, कारण कॅमला तेल मुख्यतः क्रँकने उडवलेलंच मिळतं आणि आयडलला ते पुरत नाही. तेलात जस्त आणि फॉस्फरस भरपूर हवं. आजच्या साध्या तेलांत ते जुन्या मानाने कमी असतं. पहिल्यांदा सुरू करून, नुसतं आयडलवर ठेवून व्हिडिओ काढला आणि बंद केलं, तर एखादी लोब, म्हणजे कॅमवरचा उंचवटा, तिथेच मेलेली असते. कळतं ते पाचशे मैलांनी: एकच टॅपेट मोठ्याने वाजू लागतं, फट लावली तरी पुन्हा सुटते, आणि तेलाचा फिल्टर कापला की घड्यांत लोखंडाची चमचम. मग इंजिन पुन्हा खाली, बेअरिंगसकट. त्यापेक्षा रिस्टोरेशननंतर दोन-तीन हजार मैल झालेली गाडी बघावी. बोनेटच्या कडेला दगडाचे टवके असतील, एक्झॉस्ट निळसर पडला असेल, कार्पेटवर टाचेची जागा दबली असेल. विक्रेता या सगळ्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करतो आणि भाव थोडा खाली घेतो. घेऊ द्यावा.